धुराच्या माशाचं गाव

२६ ऑगस्ट १७७३ची सकाळ. डॉ. सॅम्युएल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल हे दोन प्रवासी बांफ सोडून पश्चिमेकडे निघाले आणि स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलन या छोट्या गावात न्याहारीला थांबले. चहाबरोबर टेबलावर आले ते सुकवून विस्तवावर भाजलेले हॅडॉक मासे. बॉझवेल यांनी एक खाल्ला. इंग्रजीचा थोर शब्दकोश रचणाऱ्या जॉन्सनना मात्र ते मासे नुसते बघूनच किळस आली, आणि ताटली उचलावी लागली. बॉझवेल यांनी हा प्रसंग आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला; ते पुस्तक १७८५ साली छापून आलं. गाव दिसायला बरं आहे, पण लहान आहे आणि घरं बहुतेक सुमार बांधणीची आहेत, असा शेराही त्यांनी मारला.

ज्या माशाकडे जॉन्सननी पाठ फिरवली, त्याच माशाने पुढे या गावाचं नाव जगभरच्या जेवणाच्या टेबलांवर नेलं. धुरी दिलेला हॅडॉक, बटाटा, कांदा आणि दूध यांचं दाट पांढरं सूप आज ‘कलन स्किंक’ या नावाने ओळखलं जातं. स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यावरच्या साध्या पबपासून महागड्या हॉटेलांपर्यंत ते सगळीकडे मिळतं. हॉटेलवाल्यांनी त्यात साय ओतली, वर हिरवी पात भुरभुरली. पण मूळ पदार्थ आहे तो मासेमारांच्या घरचा, आणि तो घडला त्या घरांतल्या बायकांच्या कष्टातून. या सूपचा इतिहास सांगायचा तर तो त्यांच्यापासूनच सांगायला हवा.

कलन मोरे फर्थ या आखाताच्या काठावर आहे. गाव जुनं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची राणी एलिझाबेथ हिला १३२७ साली इथेच मरण आलं. बॉझवेल-जॉन्सन यांनी पाहिलेलं गाव सीफील्ड घराण्याच्या कलन हाउस या वाड्याला लागून होतं. १८२०च्या दशकात जमीनदारांनी ती वस्ती हलवून थोड्या अंतरावर सरळ रस्ते आणि चौक आखून नवं गाव वसवलं. समुद्रालगतची मासेमारांची वस्ती, म्हणजे सीटाउन, मात्र होती तिथेच राहिली. आजही तिथली ठेंगणी दगडी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यांतल्या अनेकांच्या समुद्राकडच्या बाजूला दार नाही, आडवी भिंत आहे. उत्तरेचा वारा त्या भिंतीने झेलायचा आणि माणसांनी तिच्या आडोशाला वावरायचं, अशी ही बांधणी.

या वस्तीचं हिवाळ्यातलं पोट हॅडॉकवर होतं. हॅडॉक हा उत्तर अटलांटिकचा मासा, कॉडचा भाऊबंद. खांद्याजवळ अंगठ्याच्या ठशासारखा काळा डाग असल्यामुळे तो लगेच ओळखू येतो. मांस पांढरं, गोडसर, पण चरबी फार कमी आणि नाजूक. कॉडला भरपूर मीठ लावून खडखडीत वाळवता येतं आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. हॅडॉकला मीठ तितकं मानवत नाही. मग उरतो धूर. आपल्याकडे वेसावे-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील दोरीवर टांगले की बाकीचं काम ऊन आणि वारा करतात. मोरे फर्थच्या काठावर नोव्हेंबर ते मार्च सूर्य जेमतेम डोकावतो, हवा ओली असते, आणि हॅडॉकचा हंगाम नेमका तेव्हाच. तिथे उन्हाची जागा चुलीने घेतली.

त्या चुलीत जळायचं पीट. दलदलीत शतकानुशतकं कुजून दबलेल्या वनस्पतींचा हा थर विटांसारखा कापून वाळवतात. त्याला ज्वाळा कमी, धूर भरपूर. मासे मिठाच्या पाण्यात बुडवून, निथळवून घराच्या धुराड्यात टांगले की रात्रभरात त्यांच्यावर सोनेरी कांती चढायची. अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेला फिंडन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या बायकांच्या हाताला या कामात अशी काही लय होती की ‘फिनन हॅडी’ हे नाव त्या खेड्यावरून अशा धुरी दिलेल्या हॅडॉकला चिकटलं. फिनन हॅडीची ओळख ठरलेली आहे. डोकं काढून टाकायचं, मासा पोटाकडून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, पाठीचा काटा एका बाजूला तसाच ठेवायचा. धूर थंड हवा. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे मासा धुराने माखतो पण शिजत नाही, तो घरी नेऊन शिजवावा लागतो. याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला आर्ब्रोथचा ‘स्मोकी’ बनतो, त्याची रीत उलट आहे: दोन हॅडॉक शेपटीला बांधून काठीवर लटकवायचे आणि लाकडाच्या गरम धुरात शिजवूनच काढायचे. आर्ब्रोथ स्मोकीला २००४ साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. तो गावापासून आठ किलोमीटरच्या परिसरातच बनवावा लागतो. सूपसाठी कलनकरांना हवा तो मात्र कच्चा, थंड धुराचा फिनन. त्याचा काटा आणि कातडी उकळल्यावर जे पाणी मिळतं, त्यावरच सगळं सूप उभं राहतं.

बोटीवर पुरुष जात, पण बोट निघण्याआधीचं आणि परतल्यानंतरचं काम बायकांचं होतं. हॅडॉक पकडायचा तो लांब दोरीने. एकेका दोरीला शेकडो गळ, आणि प्रत्येक गळाला आमिष. कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या जातीच्या शिंपल्या किनाऱ्यावरून गोळा करून आणायच्या, पहाटे उठून त्या फोडायच्या, आतलं मांस एकेका गळाला लावायचं. मग ती दोरी टोपलीत अशी रचायची की बोटीवरून सोडताना एकही गळ दुसऱ्यात अडकता कामा नये. त्यासाठी दोरीच्या थरांमध्ये कापलेलं गवत पसरायचं. घरातली मुलंही शाळेत जाण्यापूर्वी या कामाला बसायची. हाताला गळ लागणं, थंडीने बोटं फुटणं हे रोजचंच. दुसऱ्या दिवशी दोरी परतली की ती सोडवून, साफ करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे काम बाहेरच्या मुलीला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मासेमाराचं लग्न मासेमाराच्याच मुलीशी व्हायचं, बहुधा त्याच गावात किंवा शेजारच्या गावात. याचा एक परिणाम असा झाला की आडनावं मोजकीच उरली. कलनमध्ये फिंडले, गार्डिनर, अ‍ॅडिसन ही नावं घरोघर. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची माणसं इतकी झाली की ओळखायला प्रत्येक घराला एक टोपणनाव लागलं. हे टोपणनाव बापाकडून मुलाकडे जायचं, आणि या किनाऱ्यावर ते कागदोपत्रीही लिहिलं जाई.

मासे धुरावले की बायका पाठीवर वेताची मोठी टोपली घेऊन निघायच्या. टोपलीचा पट्टा छातीवरून जायचा, त्यामुळे हात मोकळे राहत आणि वाटेने चालताना अनेकजणी मोजे विणत जायच्या. किनाऱ्यापासून आत बांफशायरची शेती: ओट, गुरं, दूधदुभतं, आणि १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बटाटा. प्रत्येक बाईची शेतघरं ठरलेली असायची. रोख पैसा कमी, देवाणघेवाण जास्त. धुरावलेले हॅडॉक द्यायचे आणि ओटचं पीठ, बटाटे, दूध, लोणी, अंडी घेऊन परतायचं. संध्याकाळी त्या घरात भांडं चुलीवर चढे तेव्हा त्यात काय असणार? विकून उरलेला किंवा तुटलेला मासा, शेतकऱ्याने दिलेला बटाटा, त्याच घरचं दूध. कलन स्किंकचे जिन्नस म्हणजे त्या टोपलीच्या दोन फेऱ्यांचा हिशेब आहे: जाताना काय नेलं आणि येताना काय आणलं.

आता उरला ‘स्किंक’. स्कॉटलंडमध्ये हा जुना रस्सा. बैलाच्या पायाची नळी तासन्‌तास उकळायची, तिच्यातला चिकट रस उतरवायचा, भाज्या घालायच्या. ईशान्य स्कॉटलंड गुरांसाठी नावाजलेला मुलूख; पण मासेमाराच्या घरी नळीचं हाड रोज कुठून येणार? तेव्हा रीत तीच राहिली, फक्त गुराच्या हाडाची जागा हॅडॉकच्या काट्याने घेतली. काटा उकळायचा, पाणी गाळायचं, त्यात दाटपणा आणायचा. कलनमध्ये ही कथा आजही अशीच सांगतात.

१९व्या शतकात या माशाची चवही बदलली, आणि त्याला कारण झाली रेल्वे. जॉन्सन यांच्यासमोर आलेला हॅडॉक चांगलाच सुकवलेला असणार, कारण हलकी धुरी दिलेला मासा जेमतेम काही दिवस टिकतो. घोडागाडीने एडिंबरो गाठायचं म्हटलं तर तो जास्त मिठात आणि जास्त धुरात ठेवावा लागे. १८५० साली अ‍ॅबर्डीन दक्षिणेकडच्या लोहमार्गांना जोडलं गेलं. धुरी दिलेला मासा आता लवकर लंडनच्या बाजारात पोहोचू लागला. साहजिकच मीठ कमी झालं, धूर सौम्य झाला, आणि आपण आज ज्याला फिनन म्हणतो तो मऊ, रसरशीत मासा सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

कलनला आगगाडी आली १८८६ साली, आणि तीही वाकड्या वाटेने. सोयीची वाट कलन हाउसच्या आवारातून जात होती, सीफील्ड घराण्याने ती नाकारली. मग ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेने सीटाउनच्या डोक्यावरून उंच कमानींचा दगडी पूल बांधला. १९६८ साली मार्ग बंद पडला, पूल राहिला. आता त्यावरून लोक चालतात, सायकली चालवतात. खाली वाकून पाहिलं की मासेमारांच्या घरांची छपरं अगदी पायाखाली दिसतात.

पण रेल्वेबरोबर आलेल्या भरभराटीचा मोठा वाटा कलनच्या पदरी पडला नाही. अ‍ॅबर्डीनमध्ये १८८२ साली ‘टॉइलर’ या वाफेच्या बोटीने जाळं ओढत मासेमारी सुरू केली आणि बघता बघता तिथे वाफेच्या बोटींचा तांडा उभा राहिला. हॅडॉक आता टनांनी येऊ लागला. धुरी देण्याचं काम घराच्या धुराड्यातून निघून विटांच्या मोठ्या धुरघरांत गेलं, पीटची जागा लाकडाच्या भुशाने घेतली. कलनचं बंदर ओहोटीला कोरडं पडतं, त्यामुळे बोटी मोठ्या होत गेल्या तशा त्या शेजारच्या बकीच्या खोल बंदरात गेल्या. अ‍ॅबर्डीनमध्ये १९२९ साली माशांवर संशोधन करणारं टॉरी संशोधन केंद्र उघडलं. तिथे तयार झालेल्या यांत्रिक भट्टीत पंखा, धूर आणि तापमान सगळं आवाक्यात आलं. तासांचं काम नेमकं मोजता येऊ लागलं. याच २०व्या शतकात एक वाईट खोडही लागली: धूर थोडका द्यायचा आणि उरलेली कांती पिवळ्या रंगाने आणायची. बाजारात आजही दिसणारा झेंडूसारखा पिवळा हॅडॉक हा त्या घाईचा वारस आहे.

धुरी दिलेल्या हॅडॉकचं एक नातं थेट आपल्या खिचडीशी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतून परतलेल्या स्कॉट आणि इंग्रज माणसांनी खिचडीची चव घरी नेली. तिथे डाळ गळाली, उकडलेलं अंडं आणि मासा आला, आणि ‘केजरी’ झाली. स्कॉटलंडच्या दक्षिणेला बर्नफूट इथल्या स्टेफाना माल्कम या बाईंच्या १७९० सालच्या हस्तलिखित पाककृतींमध्ये केजरी आहे. हे माल्कम घराणं मराठी वाचकांना चांगलंच ठाऊक असायला हवं. १८१८च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्याच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपवली तो जॉन माल्कम याच घराण्यातला. पुढे १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात केजरीतला मासा म्हणजे धुरी दिलेला हॅडॉक हे समीकरण पक्कं झालं आणि ती श्रीमंतांच्या न्याहारीला जाऊन बसली. त्याच माशाचं कलनमधलं सूप मात्र गरिबांच्याच घरी राहिलं, त्यामुळे पाकपुस्तकांत पोहोचायला त्याला पुष्कळ उशीर झाला.

ते पाकपुस्तकात आणण्याचं काम केलं एफ. मेरियन मॅकनील यांनी. १८८५ साली ऑर्कनी बेटांवर जन्मलेल्या या लेखिकेने स्कॉटलंडच्या घराघरांतल्या पाककृती, सणवार आणि रीतीभाती गोळा केल्या. १९२९ साली त्यांचं ‘द स्कॉट्स किचन’ आलं आणि त्यात कलन स्किंक छापलं गेलं. त्या काळी स्कॉटलंडमधल्या सुशिक्षित घरांत फ्रेंच आणि इंग्रजी पदार्थांची प्रतिष्ठा मोठी होती. अशा वेळी मासेमाराच्या चुलीवरचं सूप पुस्तकात आणणं ही मॅकनील यांची मोलाची कामगिरी आहे. आज हे सूप जिवंत आहे याचं बरंचसं श्रेय त्यांना जातं.

घरी करायला ते अगदी सोपं आहे. चार माणसांसाठी एक मोठा फिनन हॅडॉक, किंवा चारशे-पाचशे ग्रॅम तुकडे, एक मोठा कांदा, अर्धा किलो पिठूळ बटाटे, अर्धा लिटरहून थोडं जास्त सायीचं दूध, लोणी. मासा कातडी खाली करून पसरट भांड्यात ठेवायचा आणि तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी घालायचं. बारीक चिरलेला कांदाही त्यातच. आच मंद. पाच-सहा मिनिटांत मांसाचा पारदर्शकपणा जाऊन ते दुधी होतं आणि बोटाने दाबलं की पाकळ्या सुटतात. तेवढं झालं की मासा लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तो चामट होतो. कातडी आणि काटा वेगळा करायचा, पाकळ्या झाकून ठेवायच्या. मग काटा आणि कातडी पुन्हा त्याच पाण्यात टाकून अर्धा तास मंद उकळायचं. आता स्वयंपाकघरात धुराचा वास भरतो आणि पाण्यावर फिकट सोनेरी तवंग येतो. हे पाणी गाळून त्यात दूध घालायचं, एक उकळी येऊ द्यायची, आणि मग उकडून लोणी घालून कुस्करलेला बटाटा थोडा थोडा मिसळत जायचं. हवा तितका दाटपणा आला की थांबायचं. शेवटी माशाच्या पाकळ्या, मिरपूड, आणि चाखून बघूनच मीठ. मासा आधीच खारा असतो.

दाटपणा येतो तो बटाट्यातल्या पिठुळपणामुळे. म्हणून चिकट बटाटा इथे चालत नाही. दुधाचं कामही नुसतं रंगापुरतं नाही. धुराची चव देणारे बरेचसे घटक स्निग्धांशात विरघळतात, त्यामुळे सायीचं दूध आणि लोणी ती चव सगळ्या सूपभर पसरवतात आणि खारेपणा सौम्य करतात. वरून वाटीभर साय ओतली की धूर दबतो. काही ठिकाणी पीठ लावून दाट करतात, काही ठिकाणी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. असे प्रकार चविष्टही लागतात. पण काट्याचं पाणी आणि कुस्करलेला बटाटा नसेल, तर त्याला कलनचं नाव देऊ नये.

कलनमध्ये आता या सूपची जागतिक स्पर्धा भरते. पारंपरिक रीतीचा एक विभाग आणि नव्या कल्पनांचा दुसरा, अशी सोय त्यात आहे. गावाच्या बंदरात हौशी नावा आणि थोड्या लहान बोटी दिसतात. हॅडॉक येतो तो बहुतेक पीटरहेडच्या लिलावातून. उत्तर समुद्रातल्या स्कॉटिश हॅडॉकच्या मासेमारीला २०१० साली शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मासा आहे. टोपली घेऊन शेतघरं हिंडणाऱ्या बायका मात्र राहिल्या नाहीत, आणि घरच्या धुराड्यात पीटवर मासा धुरावणंही संपलं.

हॅडॉक अरबी समुद्रात मिळत नाही. पण लंडन, ग्लासगो, एडिंबरोला राहणारी किंवा मुलाबाळांकडे तिथे जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांनी मासळीच्या दुकानात जाऊन पिवळाधमक तुकडा घेऊ नये. काट्यासकटचा फिनन मागावा. तो नसेल तर रंग न लावलेला धुरी दिलेला हॅडॉक घ्यावा, मांसावर फिकट गवती छटा असलेला. आणि काटा व कातडी कचऱ्यात टाकण्याआधी अर्धा तास उकळून घ्यावी.